जाळ नसलेली चूल

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी इंडक्शनची शेगडी आली, ती आईसाठी. आईचे वय ७८. दोनदा असे झाले, की दूध उतू जाऊन गॅसचा जाळ विझला, गॅस तसाच सुटत राहिला आणि ती देवासमोर वाती वळत बसलेली! तिला रांधायचे बंद कर म्हणून सांगणे मला जमण्यासारखे नव्हते. तेव्हा शेगडीच बदलली.

आईचा पहिला प्रश्न, "हाचो उजो खंय रे?"

उजो नाहीच. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वर ठेवलेल्या लोखंडी बुडातच वीज फिरून ते तापते. फॅरडेने १८३१ साली शोधलेले हे तत्त्व. भांडे उचलले, की तापवणे थांबते. माझ्या लेखी सगळे मोल ह्या एका गोष्टीचे आहे.

मग भांड्यांची परीक्षा घेतली. चुंबक घेऊन प्रत्येकाच्या बुडाला लावले. पितळेचा टोप नापास, ऍल्युमिनियमची फळीभर भांडी नापास, स्टीलची निम्मी पास. मातीच्या कुंडल्याचा तर प्रश्नच नव्हता. पहिल्या फटक्यात पास झाला तो आजीचा बिडाचा तवा! घरातले सर्वांत जुने भांडे सर्वांत नव्या शेगडीला चालले. मात्र तो काचेवरून ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. आणि सुरुवातीला आच कमी ठेवून हळूहळू वाढवायची.

बाकीची निगाही फार नाही. दोन हजार वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते, म्हणून तिला मोठा, १६ अँपिअरचा प्लग हवा. मागे चार बोटे जागा सोडावी, खाली कागद किंवा फडके घालू नये. पंख्याला हवा मिळायला हवी. स्वयंपाक झाल्यावर तो पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. भांड्याच्या उष्णतेने काच तापलेली असते, ती निवल्यावर ओल्या फडक्याने पुसावी. तारेच्या घासणीने घासू नये. आमच्याकडच्या दमट हवेत मुंग्या आणि झुरळे उबेला आत शिरतात, त्यामुळे ओटा कोरडा ठेवणे महत्त्वाचे.

आईची खरी अडचण वेगळीच होती. साठ वर्षे तिने जाळ बघून रांधले. मंद जाळ म्हणजे किती, हे तिच्या डोळ्यांना ठाऊक. आकड्यांना ती काय विचारणार? आता ती कानांनी रांधते. हुमणाचा खदखदण्याचा आवाज बदलला, की बटण दाबून आकडा खाली आणते. वॅट किती, हे विचारले तर सांगता येणार नाही तिला.

हुमण स्टीलच्या टोपात होते आणि कुंडल्यातली चव त्याला येत नाही, हे मान्य करायला हवे. म्हणून गॅस काढून टाकलेला नाही. पावसात वीज गेली की तो लागतोच. शिवाय रविवारी, मी घरी असताना, आई कुंडले त्याच्यावर चढवते. मी जवळ पाट घेऊन बसतो आणि जाळावर लक्ष ठेवतो. नारळ किसायचे काम आपसूक माझ्याकडे येते, ते वेगळे!