सिंहगड... दोन चाकांवर, ९४ किलोंसह!

सुरुवात पॅन्टच्या बटणापासून झाली. सोमवारची सकाळ, साडेनऊची मीटिंग, आणि बटण तुटून थेट कपाटाखाली! बायको हसली, मीही हसलो. पण त्याच आठवड्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला आणि हसू आटलं. वय ३६, वजन ९४ किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी ६.२. म्हणजे डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा.

आमच्या घरात हा पाहुणा नवा नाही. बाबांना तो पन्नाशीत भेटला. गंमत बघा, बाबा अख्खी नोकरी सायकलवरून करायचे. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. मग स्कूटर आली, प्रमोशन आलं आणि सायकल जिन्याखाली गेली. बाबांचं त्यावरचं एका वाक्यातलं आत्मचरित्र असं, ‘‘सायकल सोडली आणि शुगर धरली.’’

रिपोर्ट दाखवला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसला, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, ‘‘लग्नाआधी मी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचो. बिनगियरची सायकल. तू बघ जमतंय का.’’

झालं! जिमची तीन वार्षिक मेंबरशिप वाया घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? एक साधी, गियरवाली हायब्रिड सायकल घेतली. रेसिंगची नाही आणि जाड टायरची डोंगरीही नाही, दोन्हीच्या मधली. सोबत हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा. चकचकीत घट्ट कपडे मात्र घेतले नाहीत. आरशाची परवानगी नव्हती.

पहिला टप्पा : विठ्ठलवाडी, आणि बास

आम्ही कर्वेनगरात राहतो. सकाळी पावणेसहाला निघायचं, राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोडला लागायचं. दिवसा या रस्त्यावरचं ट्रॅफिक म्हणजे पुणेकरांचा आवडता तक्रारीचा विषय. पण सहा वाजता तोच रस्ता वेगळा असतो. दुधाच्या गाड्या, पेपरवाले, कानटोपी घातलेले आजोबा आणि नदीकडून येणारा गार वारा... एकदम सही!

पहिल्या दिवशी विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत पोचलो आणि डोळ्यांपुढे साक्षात विठ्ठल दिसू लागला. जेमतेम दोन किलोमीटर झाले होते. पायरीवर बसून धापा टाकत होतो. शेजारी फुलवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘पाणी पी बाळा, देव कुठं जात नाही.’’

नंतर कळलं, निम्मी चूक सीटची होती. सीट इतकी खाली होती की गुडघे छातीला लागत होते. फंडा सोपा आहे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखं पावलाच्या पुढच्या भागाने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. दुसरी चूक गियरची. जड गियर लावून ताकद दाखवण्यात अर्थ नाही. हलका गियर लावायचा आणि पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरते ठेवायचे. शेजारच्याशी बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम लागला पाहिजे.

दुसरा टप्पा : खडकवासला आणि भजीचं गणित

महिन्याभरात धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी अशी ठिकाणं मागे पडू लागली. एका रविवारी खडकवासल्याची भिंत दिसली. राजाराम पुलापासून साधारण बारा-तेरा किलोमीटर. पाण्यावर धुकं, पलीकडे एनडीएच्या बाजूची हिरवी झाडी, डावीकडे डोंगरावर सिंहगडाचा दूरदर्शन मनोरा. १२ जुलै १९६१ ला वर बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यात हे धरणही फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं. बाबा तेव्हा शाळेत होते. शनिवार पेठेतल्या त्या चिखलाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ज्या पाण्याची गोष्ट ऐकली, त्याच्या काठाशी स्वतःच्या पायांनी आलो, हे फीलिंग काही औरच होतं.

सेलिब्रेशन तर हवंच! गरम कांदाभजी, तिखट-मीठ चोळलेलं कणीस, दोन गोड चहा. दर रविवारी हाच कार्यक्रम. दोन महिन्यांनी वजनकाट्यावर उभा राहिलो. ९३ किलो. फक्त एक किलो! मी काटा बदलून बघितला, काट्याची जागाही बदलून बघितली. छे.

मग कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या वजनाच्या माणसाने तासभर मध्यम वेगाने सायकल चालवली की ढोबळमानाने पाचशे-सहाशे कॅलरी खर्च होतात. भजीची प्लेट, कणीस आणि दोन चहा म्हणजे हिशेब जवळपास फिट्टंफाट. वर ‘आज सायकल मारलीय ना’ म्हणून दुपारी आमरसाची एक वाटी जास्त. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. अशाने ती कशी उतरणार?

तेव्हा कळलं, सायकल दम वाढवते, साखर आटोक्यात ठेवायला मदत करते, झोप लावते, डोकं शांत करते. वजन मात्र ताटात ठरतं. भजी बंद केली नाही, तेवढा मी संत नाही. महिन्यातून एकदा ठेवली. बाकीच्या रविवारी घरून नेलेली दोन उकडलेली अंडी, केळं आणि बिनसाखरेचा चहा. रात्रीचं जेवण साडेआठला आणलं, ताटात भात निम्मा आणि उसळ दुप्पट केली. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं आणि रविवारी लांबचा पल्ला. डॉक्टर आठवड्याला निदान दीडशे मिनिटांचा व्यायाम सांगतात, तो यात सहज बसतो. काटा हलला. हळूहळू, पण हलला.

तिसरा टप्पा : घाट

धरण मागे टाकून डोणजे फाट्याला वळलं की खेळ सुरू. गोळेवाडीला वनखात्याचा नाका आणि तिथून साधारण नऊ किलोमीटरचा घाट. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच, आणि त्यातले सहाशेच्या वर मीटर या घाटातच चढायचे.

पहिल्यांदा गेलो सहाव्या महिन्यात, पूर्ण कॉन्फिडन्सने. तिसऱ्या किलोमीटरला एका वळणावर पाय थांबले. सायकल आडवी केली आणि कठड्यावर बसलो. शेजारून बाइकवरची कॉलेजची पोरं ‘‘काका, ढकला!’’ ओरडत गेली. काका! सीरियसली, ते चढापेक्षा जास्त लागलं. गुपचूप उतरलो. बाबांना सांगितलं, ‘‘नाही जमलं.’’ ते म्हणाले, ‘‘पायथ्यापर्यंत गेलास ना? मी पण तिथूनच परतायचो. वर कधी गेलोच नाही सायकलने.’’

हे मला माहीतच नव्हतं. मी आपला मनातल्या मनात त्यांच्याशी शर्यत लावून बसलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत न चढलेल्या घाटाची!

अकराव्या महिन्यात, डिसेंबरमध्ये, पुन्हा गेलो. या वेळी घाई नाही. सगळ्यात हलका गियर, दर दोन किलोमीटरला एक पाय जमिनीवर, दोन घोट पाणी. त्या कठड्यापाशी मुद्दाम थांबलो नाही. पुढे वळणं आणखी चढी होत गेली, चालण्याइतका वेग झाला, पण चाक फिरत राहिलं. आणि एका वळणानंतर अचानक पार्किंग, ताकवाल्या मावश्या आणि मडक्यातलं दही!

खाली खडकवासल्याचं पाणी चकाकत होतं. घाम पुसून फोन लावला. ‘‘बाबा, वर आलोय.’’

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग खाकरल्याचा आवाज. ‘‘उतरताना दोन्ही ब्रेक सावकाश दाब. नुसता पुढचा दाबू नकोस.’’

आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

परवा रिपोर्ट आला. वजन ८४. एचबीए१सी ५.६. अजून बारीक झालेलो नाही, पोट आहेच. पण उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आलोय. आणि जिन्याखालची ती जुनी सायकल बाबांनी परवा दुकानात नेली. ट्यूब बदलली, चेनला तेल पाजलं. डॉक्टरांना विचारलंय, सपाट रस्त्यावर हळू चालवायला हरकत नाही म्हणाले. येत्या रविवारी आम्ही दोघं निघतोय. विठ्ठलवाडीपर्यंत, आणि बास.

तुम्हीही निघणार?

• पस्तिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा.
• हेल्मेट, दिवे, पंक्चर किट आणि पाणी याशिवाय निघू नका.
• सिंहगड रोडला सकाळी सातच्या आत बाहेर पडा आणि उन्हं चढायच्या आत परत फिरा.
• पावसाळ्यात दरड कोसळल्यास घाट बंद ठेवतात. निघण्यापूर्वी चौकशी करा.
• वर गेलात तर पिठलं-भाकरी जरूर खा. फक्त हिशेब लक्षात ठेवा!