विठाबाई, तो दगड आणि आमच्या ओट्यावरची मंडळी

गेले काही महिने आमच्या उमरीत एक पुस्तक फिरतंय. फिरतंय म्हणजे अगदी या घरातून त्या घरात, भाजीच्या पिशवीतून, सायकलच्या कॅरिअरवरून. 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' हे त्याचं नाव, लेखक योगीराज बागूल. पुस्तक नवं नाही, छापून बरीच वर्षं झाली. पण विठाबाई नारायणगावकरांवर हिंदी सिनेमा निघतोय अशी बातमी २०२५ साली पेपरात आली आणि आमच्या ह्यांनी लगेच नांदेडला जाणाऱ्या एकाला पैसे देऊन ते मागवलं. तेव्हा आमच्यापुरतं ते नवंच.

ह्यांना आणि ह्यांच्या दोस्तमंडळींना तमाशाचं वेड फार. माझ्या नातवाच्या टी-शर्टवर बीटल्स म्हणून चार माणसांचं चित्र आहे. त्यातले दोघे तो जन्मायच्या आधीच वारले. तरी त्यांच्यावर नवीन काही लिहून आलं की तो रात्र रात्र वाचतो आणि मित्रांशी भांडतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांचंही तेच आहे बाळा, फक्त त्यांच्या टी-शर्टवर चित्र नाही.

आमच्या भागात तमाशा म्हणजे माळेगावची जत्रा. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पालखी निघते आणि मग घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या आणि तमाशाचे तंबू. आता जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सव भरवते. पूर्वी राज्यभरातून फड यायचे आणि रात्रभर कनातीच्या आत ढोलकी-हलगी वाजत राहायची. मी लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीतून जत्रेला गेलेली आहे. म्हणजे बिऱ्हाडापर्यंत. आम्ही बायका गाडीजवळ चूल मांडून वांग्याचं भरीत आणि भाकरी करायचो, पुरुष जेवून मफलर गुंडाळून 'जरा देवाकडं जाऊन येतो' म्हणून निघायचे ते पहाटे उगवायचे. देव जवळच होता, पण त्यांना लांब पडायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, लोककला या विषयावर निबंधही तपासले, पण तंबूतला तमाशा मी एकदाही पाहिलेला नाही. आमच्या पिढीच्या मास्तरीणबाईला ते शक्यच नव्हतं. 'तमाशा' हा शब्द आम्ही शिवीसारखाच वापरला. 'काय तमाशा लावलाय वर्गात!' हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, त्याला गणती नाही.

तर ओट्यावर पुस्तकाचं काय झालं ते सांगते.

पहिल्यांदा वाचलं ते मोंढ्यातल्या एका निवृत्त मुनीमकाकांनी. त्यांनी आधी पानं चाळून माळेगाव शोधलं. त्यांना हवं तेवढं सापडलं नाही म्हणून ते दोन दिवस नाराज. "सगळं पुण्या-साताऱ्याकडलंच लिवूलालेत हे लोक. आम्ही तंबूत बसलो, नोटा उडवल्या, त्याचं कुटंच नाही." त्यांच्या मते त्यांनी विठाबाईंना माळेगावला तीनदा पाहिलं. आमच्या ह्यांच्या मते दोनदाच. टेलरमामा म्हणाले, त्यातली एकदा विठाबाई नव्हत्याच, त्यांच्या मुलीचा, मंगला बनसोडे यांचा फड होता. झालं! त्या दिवशी चहा तीनदा झाला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा हिशेब बाजारभावासकट पाठ असणाऱ्या मुनीमकाकांना हे पटेना.

दुसरा प्रकार टेलरमामांचा. त्यांना पुस्तक वाचवेना. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. घराणं नारायणगावचं, वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड गाजलेला. लहानपणापासून बाई बोर्डावर उभ्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींचा पुरस्कार. आणि १५ जानेवारी २००२ ला गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. मामा म्हणाले, "बाई, मला ते दवाखान्याचं वाचायचंच नाही. माझ्या डोळ्यापुढं ती नाचती, तशीच ऱ्हाऊ द्या." त्यांनी पुस्तक उपडं ठेवून दिलं. मला त्यांचा राग आला नाही. पण एक विचार आला तो आलाच. ज्या बाईच्या नाचावर आपण तरुणपण काढलं, तिचं म्हातारपण वाचण्याइतकीही आपली तयारी नसावी?

तिसरा प्रकार सगळ्यात मोठा. त्या दगडाचा.

ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. विठाबाई नऊ महिन्यांच्या गरोदर. कार्यक्रम चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. एका सांगण्यात त्यांनी उरलेला खेळ पुरा केला. दुसऱ्या सांगण्यात पोट सपाट दिसल्यावर लोकांनी चौकशी केली, प्रकार कळल्यावर खेळ थांबवायला लावला आणि बाईला हात जोडून घरी गेले. आमच्या ओट्यावर दोन्ही सांगणी चालतात. मोबाइलवर एक तिसरंही आलं. त्यात गाव आमच्या शेजारचंच घातलेलं होतं. ज्यानं ते पाठवलं त्याला मी म्हटलं, अरे, पुस्तक तर वाच. तो म्हणाला, "मॅडम, भावना महत्त्वाची."

ही गोष्ट सांगताना सगळ्या पुरुषांचे डोळे भरून येतात. खरंच भरून येतात, मी पाहिलेत. "याला म्हणतात कलेवरची निष्ठा!" असं मुनीमकाका म्हणतात आणि चष्मा पुसतात.

मग पुस्तक माझ्या मैत्रिणीकडे गेलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, तीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केली. तिनं ती गोष्ट वाचली आणि चष्मा न पुसता म्हणाली, "दगडानं? अन् धनुर्वात?"

आम्ही दोघी गप्पच झालो. ती पुढं बोलायला लागली, जशी तिच्या कामात ती बोलत असेल तशी. नाळ तुटली म्हणजे बाळंतपण संपलं असं थोडंच असतं, वार पडायला वेळ लागतो, तेव्हाच रक्त जातं, त्यातच बायका जातात. पायात पाच पाच शेर घुंगरं बांधून त्या वेळी बाई उड्या मारत असेल तर ती निष्ठा म्हणून का जीव जाण्याच्या दारात उभी म्हणून? "मी अशी केस पाहिली असती तर त्या गावच्या सरपंचाला धरून आणलं असतं. अन् हे बापे टाळ्या वाजवूलालेत."

मला माझी बाळंतपणं आठवली. १९७६ आणि १९७९. तेव्हा आम्हा शिक्षिकांना तीन महिने भरपगारी रजा मिळायची. आईनं डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं केलं. बाळंतपण रजेचा कायदा देशात १९६१ साली आला. १९७३ साली त्यात सर्कस, कसरती आणि तशा खेळांत काम करणाऱ्या बायकांचाही समावेश झाला. शाळेच्या कामासाठी ती पुस्तिका एकदा वाचावी लागली होती, म्हणून लक्षात आहे. पण रात्री कनात उभारून पहाटे पुढच्या गावाला जाणाऱ्या फडाला कुठला कायदा गाठणार?

आणि इथं गोष्ट आणखी अवघड होते. विठाबाई कुणाच्या नोकर होत्या असंही नाही. फड त्यांच्याच नावावर चालायचा. तमाशाचा धंदा दसऱ्याला सुरू होतो तो अक्षय तृतीयेच्या आसपास संपतो. त्याआधी पावसाळ्यात कलावंतांनी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि मालकानं ती उचल द्यायला सावकाराकडून. चैत्रात नारायणगावला राहुट्या लागतात, तिथं गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देतात. एक खेळ बुडाला तर साठ-सत्तर माणसांची, ढोलकीवाला, सोंगाड्या, झील धरणारे, गाडीचा ड्रायव्हर, आचारी, सगळ्यांची पंचाईत. तंबूतली माणसं खवळली तर खुर्च्या मोडतात, कनात फाडतात. असं आमच्या ह्यांनीच सांगितलं, कारण एकदा कनात फाटली तेव्हा हे आत होते. (फाडणाऱ्यांत नव्हते असं म्हणतात.) म्हणजे ती बाई पुन्हा उभी राहिली ती कलेसाठी, का उचलीसाठी, का कनात वाचवायला? मला वाटतं तिन्हीसाठी. पण आपण त्यातलं पहिलं तेवढं उचललं, कारण ते ऐकायला आपल्याला बरं वाटतं. उरलेल्या दोहोंत तिकीट काढून बसलेले आपण येतो.

हे मी ओट्यावर बोलले. नेहमी मी चहा देऊन आत जाते, त्या दिवशी खुर्ची घेऊन बसले. मुनीमकाका दुखावले. "बाई, तुमी सगळ्यात खोट काढता. तिचा मोठेपणा कमी करूलालाव का?" मी म्हटलं, काका, कमी नाही करत. दगडानं नाळ तोडणारी बाई मोठीच. पण तिला दगड घ्यावा लागला, ही मोठेपणाची गोष्ट नाही, आपली आहे.

त्या वेळी ओट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक होते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात. मातंग समाजातले. ते इतका वेळ काहीच बोलले नव्हते. पुस्तक त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं होतं आणि सगळ्यांत सावकाश वाचलं होतं, कागदाच्या चिठ्ठ्या घालघालून. ते म्हणाले, "ताई, तुम्ही दगडाचं बोललात. मी नावाचं बोलतो. 'भाऊ बापू मांग नारायणगावकर' असं फडाचं नाव. जात बोर्डावर लिहिलेली. लोक तिकीट काढून त्या बोर्डाखालून आत जायचे. माझ्या लहानपणी आमच्या गावात फड आला तेव्हा गावानं रात्रभर शिट्ट्या मारल्या अन् सकाळी फडातल्या बायांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. आमच्या वस्तीतून पाणी नेलं त्यांनी. माझ्या आईनं घागरी भरून दिल्या. हे पुस्तक वाचताना मला ती नाचताना आठवत नाही, मी तेव्हा लहान होतो, मला तंबूत कोण सोडतं? मला त्या घागरी आठवतात."

मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक आहे. मी हे पुस्तक घरात काचेच्या कपाटात ठेवणार. माझ्यासाठी वेगळी प्रत मागवली आहे."

मुनीमकाका यावर काही बोलले नाहीत. चष्माही पुसला नाही. टेलरमामांनी मात्र उपडं ठेवलेलं पुस्तक उचललं आणि म्हणाले, "ते दवाखान्याचं कितव्या पानापासून हाय?" त्यांना पान काढून दिलं.

रुस्तुम अचलखांब यांचं 'तमाशा लोकरंगभूमी' मी पूर्वी वाचलं होतं. ते आपल्याच मराठवाड्यातले, औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. गण, गवळण, बतावणी, वग ही सगळी रचना मला त्यातून कळली होती, नोट्सही काढल्या होत्या. पण तो अभ्यास होता. या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, जत्रेतल्या त्या रात्री आम्ही गाडीजवळ भाकऱ्या थापत होतो तेव्हा दोनशे पावलांवर कनातीच्या मागच्या बाजूलाही कुणीतरी चूल मांडून भाकऱ्या थापत असेल, आणि तिचं लेकरूही धुरानं रडत असेल. पुरुष दोन्ही चुलींच्या मधून ये-जा करत होते. आम्ही बायका मात्र एकमेकींना कधी दिसलो नाही. आमच्या आयांनी तर आम्हाला त्या दिशेला बघायचीही मनाई केली होती.

आता आमच्या गल्लीतल्या बायकांत पुस्तकाचा नंबर लागलाय. एकीनं सांगितलं, तिच्या सासऱ्यांनी तमाशापायी दोन एकर घातले म्हणून घरात हा शब्दसुद्धा काढत नाहीत. तरी तिनं नंबर लावलाय, दुपारी वाचीन म्हणाली. तिचा राग खराच आहे, त्यालाही मी काही म्हणणार नाही. ज्या घरातनं जमीन गेली त्या घराला निष्ठा-बिष्ठा काय सांगायची. पण विठाबाईंकडे तरी ती जमीन कुठं पोचली? त्यांचं बिल तर लोकांनी भरलं. मधल्यामध्ये पैसा कुठं जिरला ते तिला आणि मला दोघींनाही वाचायचंय.

परवा रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं, "तुम्ही पन्नास वर्षं ती दगडाची गोष्ट सांगताय. बाई परत नाचायला गेली. मग तेवढा वेळ बाळ कुणाकडे होतं?"

हे घास तसाच हातात धरून बसले. म्हणाले, "कुणाकडे म्हणजे? असेल की कुणीतरी."

"कोण?"

हात धुतल्यावर ह्यांनी चष्मा शोधला, टेलरमामांना फोन लावला आणि म्हणाले, "ते पुस्तक उद्या सकाळीच पाठवून द्या. झालं नसलं तरी पाठवा."