गुडघ्यांचे मुद्दल

छत्तीस वर्षे मी बँकेत नोकरी केली आणि त्यांतील निम्मी कर्जविभागात काढली. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येक गृहस्थाला मी प्रथम एकच प्रश्न विचारत असे : ‘परतफेड कशातून करणार?’ हाच प्रश्न स्वतःच्या शरीराला विचारण्याचे मात्र मला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत सुचले नाही. त्या चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची ही हकीकत आहे. आपल्या व्यापारी घरांतील अनेकांना ती उपयोगी पडेल, असे वाटल्याने लिहीत आहे.

वडिलांचे कापडाचे दुकान माझ्या धाकट्या भावाने सांभाळले. सकाळी दहाला तो गादीवर बसे, तो रात्री नऊला उठे. दुपारचा डबा घरून येई आणि चहा शेजारून. एके दिवशी दुपारी छातीत जळजळ होऊ लागली. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून त्याने थंड दूध मागवले आणि गिऱ्हाईक सोडून उठणे बरे दिसणार नाही म्हणून तसाच बसून राहिला. संध्याकाळी तो आपल्यात नव्हता. वय चोपन्न. मी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा होतो.

उठावण्यानंतर पंधरा दिवसांनी मी धावण्याचे बूट विकत घेतले. आरोग्याची हौस म्हणून नव्हे, भीतीपोटी.

पुढे वाचनात एक जुनी पाहणी आली. लंडनमधील डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत जिन्यावरून सतत वर-खाली करणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे दुकान उभे राहिले. शिडीवर चढून ठाण काढणारा, गोदामात दहा फेऱ्या मारणारा नोकर आणि गादीवर बसून ‘तो निळा दाखव, तो लाल दाखव’ म्हणणारे आम्ही मालक. बसण्याला आपण प्रतिष्ठा दिली आणि तिची किंमत हृदयाने मोजली.

मी पुण्यात तळजाई टेकडीवर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी दोनशे मीटरही धावता आले नाही. आठ महिन्यांनी सलग पाच किलोमीटर धावू लागलो. वजन उतरले, रक्तदाब आटोक्यात आला, झोप सुधारली. येथवर सर्व ठीक होते. पुढे भीतीची जागा अभिमानाने घेतली. निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाला आणि आठवड्याचे पंधरा किलोमीटर मी एका महिन्यात पस्तीसवर नेले. उजवा गुडघा सकाळी आखडू लागला, जिना उतरताना दुखू लागला, कधी सूज येई. सौभाग्यवतीला कळू नये म्हणून मी बाथरूममध्ये दार लावून मलम चोळत असे. ज्या कर्जदारांना हिशेब लपवल्याबद्दल मी रागे भरत असे, त्यांच्यात आणि माझ्यात आता फारसा फरक उरला नव्हता.

हा लपवलेला हिशेब भावाच्या मुलीच्या साखरपुड्यात उघडा पडला. बैठक खाली गाद्यांवर होती. दोन तास मांडी घालून बसलो आणि उठण्याची वेळ आली तेव्हा गुडघा उलगडेना. दोन तरुणांनी बगलेत हात घालून मला उभे केले. वेदनेने कपाळावर घाम आला होता. ते पाहून नवरी मुलगी पाटावरून उठून धावत आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘काका, छातीत दुखतंय का? खरं सांगा.’ तिच्या डोळ्यांत मला माझा भाऊ दिसला. जिच्या आनंदाच्या दिवशी वडिलांच्या जागी उभे राहायचे, तिलाच मी घाबरवून सोडले होते.

दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. क्ष-किरण तपासणीत गुडघ्यातील कूर्चा झिजल्याची चिन्हे दिसली. ‘पूर्वी काही इजा?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा अनेक वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्याचे आठवले. ‘मग धावणे वाईटच ना?’ मी विचारले. त्यांचे उत्तर समतोल होते. निरोगी गुडघे बेताच्या धावण्याने झिजतात, हा सरसकट समज बरोबर नाही. परंतु जुनी इजा, वाढलेले वजन आणि अंतरात एकदम केलेली वाढ हे तिन्ही एकत्र आले की गुडघा तक्रार करणारच.

मी घरी येऊन कागदावर गणित मांडले. धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट भार येतो. माझे वजन ऐंशी किलो, म्हणजे दर पावलाला एकशे साठ ते दोनशे चाळीस किलोंचा ठोका. एका किलोमीटरला हजारभर पावले धरली, तर पाच किलोमीटरला पाच हजार ठोके. तरुण, निकोप सांधा हा भार पेलतो आणि त्यातून बळकटही होतो. माझा सांधा मात्र व्याजातून नव्हे, तर मुद्दलातून खर्च करत होता.

डॉक्टरांनी पोहणे, सायकल किंवा इलिप्टिकल यंत्र यांपैकी एक निवडा, असे सांगितले. या यंत्राला व्यायामशाळांत क्रॉस ट्रेनरही म्हणतात. माझे मन मानेना. धावणे सोडले तर भावाच्या वाटेने जाऊ, हे भय मनात खोल रुजले होते. डॉक्टरांना तसे बोलून दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘पाय कुठे टेकतात हे हृदयाला कळत नाही. आपल्याला किती काम पडले, एवढेच त्याला कळते.’

आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत हे यंत्र होतेच, परंतु ‘जागच्या जागी चालणारा टांगा’ म्हणून मी त्याची थट्टा करत असे. त्याची रचना साधी आहे. दोन लांबट पावट्या एका जड चाकाला जोडलेल्या असतात आणि पाऊल लंबवर्तुळाकार मार्गाने फिरते. त्या आकारावरूनच त्याला हे नाव मिळाले. हातांसाठी पुढे-मागे होणारे दांडे असतात, त्यामुळे खांदे आणि पाठही कामाला लागतात. मुख्य गोष्ट अशी, की पाऊल पावटीवरून उचललेच जात नाही. जे उचलले जात नाही, ते आपटतही नाही. म्हणून गुडघ्याला ठोका बसत नाही. पहिल्या दिवशी सहाव्या मिनिटाला मांड्या पेटल्या आणि मी मुकाट्याने खाली उतरलो. थट्टा तेथेच संपली.

आज तीन वर्षांच्या अनुभवानंतर दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडतो.

हृदय आणि फुप्फुसे यांच्या दृष्टीने पाहिले, तर श्रमाची पातळी सारखी ठेवल्यास दोहोंचा लाभ जवळजवळ सारखा आहे. ही पातळी ओळखण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याची ढोबळ रीत आहे. माझ्या पासष्ट वर्षांना १५५ हा आकडा येतो. मध्यम व्यायामात नाडी त्याच्या पन्नास ते सत्तर टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ ते १०८ असावी. रक्तदाबाची काही औषधे नाडीचा वेग दाबून ठेवतात, अशांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांच्यासाठी आणि खरे तर सर्वांसाठीच सोपी कसोटी अशी : बोलता यावे, पण गाता येऊ नये.

यंत्राचे दोष सांगितले नाहीत, तर हिशेब अपुरा राहील. त्यावर आळस करता येतो. चाकाला गती आली की ते पायांना स्वतःच फिरवू लागते आणि आपण मोबाईल पाहत नुसते डुलत राहतो. यासाठी अवरोध पुरेसा वाढवावा आणि दांड्यांवर शरीराचा भार टाकू नये. पडद्यावर दिसणारा उष्मांकांचा आकडा बहुधा फुगवलेला असतो, त्याच्या भरवशावर मिठाईचा दुसरा तुकडा घेऊ नये. शिवाय धावताना हाडांवर जो आघात होतो, तो बेताचा असेल तर हाडे मजबूत करतो. खडबडीत वाटेवर तोल राखण्याचा सरावही होतो. यंत्रावर हे दोन्ही कमी मिळते.

धावण्याच्या बाजूला आणखी एक मोठी जमा आहे. खर्च फक्त बुटांचा, आणि सोबतीला मोकळी हवा व पक्ष्यांचे आवाज. यंत्र मात्र पावसाळ्यात, धुळीत किंवा रात्री उशिरा दुकानातून परतल्यावरही हाताशी असते. घरी घ्यायचे असल्यास घाई करू नये. स्वस्त यंत्रांचे चाक हलके आणि पावलाचा पल्ला आखूड असतो, त्यामुळे हिसके बसतात. सरासरी उंचीच्या माणसाला अठरा ते वीस इंचांचा पल्ला सोयीचा पडतो. आधी व्यायामशाळेत दोन महिने नियमाने वापरावे, मगच विकत घ्यावे. टॉवेल वाळत घालण्यासाठी वापरली जाणारी अशी महागडी यंत्रे मी बऱ्याच सुखवस्तू घरांत पाहिली आहेत.

आपल्या घरांतील दिनचर्येचाही येथे विचार करावा लागतो. नवकारसी पाळणारे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीही घेत नाहीत. उन्हाळ्यात अशा वेळी तासभर धावल्यास शरीरातील पाणी कमी पडते. म्हणून मी व्यायाम नवकारसी पारल्यावर, पाणी पिऊन करतो. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळच्या जेवणानंतर लगेच यंत्रावर चढू नये. उपवासाच्या दिवशी सावकाश चालणे पुरे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर व्यायाम आणि उपवास या दोहोंविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

प्रमाण किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस श्रमाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम जोडावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सरावही करावा, असे त्यात सांगितले आहे. माझा आठवडा असा : चार दिवस पस्तीस मिनिटे इलिप्टिकल, दोन दिवस तळजाईवर भरभर चालणे आणि रोज भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे. गुडघा आता आखडत नाही. खाली बसलो तर उठायला थोडा वेळ लागतो, परंतु कोणाचा हात लागत नाही.

एक गोष्ट मात्र कोणताच व्यायाम देत नाही, ती म्हणजे हमी. १९७७ साली जिम फिक्स यांचे धावण्यावरील पुस्तक अमेरिकेत अतिशय गाजले आणि हजारो लोक रस्त्यावर धावू लागले. तेच जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धावतानाच हृदयविकाराने गेले. त्यांच्या वडिलांचा मृत्यूही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच झाला होता. शवचिकित्सेत त्यांच्या हृदयवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या. धावणे व्यर्थ असते, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे, त्यांनी तपासणीवाचून बूट घालू नयेत, हा त्याचा बोध आहे. छातीत जळजळ झाली तर ‘पित्त असेल’ हा निर्णय गादीवर बसून करू नये, तो डॉक्टरांना करू द्यावा. आमच्या भावाने ती संधी घेतली नाही.

त्याचा मुलगा आता त्याच गादीवर बसतो. वय एकतीस आणि पोट चाळिशीचे. गेल्या दिवाळीनंतर मी त्याला सोबत नेऊन हृदयाची आणि रक्ताची तपासणी करवून घेतली. अहवाल चांगले आले, गुडघे निकोप निघाले. त्याने विचारले, ‘काका, मीही तुमच्यासारखं यंत्रच वापरू ना?’ मी म्हणालो, ‘नाही. तू धाव.’ कर्ज मंजूर करताना आम्ही प्रत्येक खातेदाराचा ताळेबंद वेगळा पाहत असू. शेजाऱ्याला मंजूर झाले म्हणून तुला मंजूर, असे कधी केले नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्याने मातीच्या वाटेवर हळूहळू अंतर वाढवत धावावे. ज्याची जुनी इजा आहे, त्याने यंत्राचा आधार घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. जो व्यायाम पुढची वीस वर्षे चालू ठेवता येईल, तोच आपला.

रविवारी आम्ही दोघे तळजाईला जातो. तो धावत पुढे निघून जातो, मी मागून चालत येतो आणि फाटकापाशी तो माझी वाट पाहत थांबलेला असतो. इतर दिवशी तो एकटाच जातो, त्यामुळे दुकान आता दहाऐवजी साडेदहाला उघडते. त्या अर्ध्या तासाने विक्रीत किती घट आली, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. त्याच्या आईनेही विचारलेले नाही.