घोरणं थांबतं तेव्हा

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरतं, हॉलमध्ये ओळीनं गाद्या पडतात आणि भाऊबीज उलटली की माझ्या दवाखान्यात हमखास कोणीतरी म्हणतं, "मेव्हण्यानं सांगितलं म्हणून आलो." मेव्हण्यानं रात्री काहीतरी ऐकलेलं असतं. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. छातीचे आणि झोपेचे विकार पाहण्यात माझी हयात गेली; पण ज्याचा आजार त्यालाच खबर नाही आणि शेजारी झोपणाऱ्याला सगळं ठाऊक, हे मी स्लीप अ‍ॅप्निया या झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराइतकं दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

मागच्या वर्षी एक ट्रकचालक आले. पन्नाशीच्या आतले. ब्लड प्रेशरच्या तीन गोळ्या घेऊनही प्रेशर उतरत नव्हतं. त्यांची तक्रार मात्र वेगळीच: रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं. शुगर नव्हती, प्रोस्टेट ठीक. "झोप कशी लागते?" विचारलं, तर म्हणाले, "पडल्या पडल्या." मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. रेकॉर्डिंगमध्ये घोरणं चढत गेलं आणि एकदम बंद पडलं. नुसता पंख्याचा आवाज. स्क्रीनवरचे सेकंद सरकत होते. 34 सेकंदांनी, बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा मोठा आचका देऊन श्वास परत सुरू झाला. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. कितीतरी वेळ ते मोबाइलकडे बघत राहिले.

घोरण्याचा सगळ्यांना त्रास होतो. ते थांबलं की घरचे कूस बदलून झोपतात. कान द्यायचा तो नेमका त्या शांततेकडे.

आपल्या घशाला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरते आणि मुळात अरुंद असलेला घसा मिटतो. छाती श्वास ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मग मेंदू क्षणभर जाग आणतो नि घसा उघडतो. ही जाग इतकी निसटती, की सकाळी आठवत नाही. उरतं ते जड डोकं आणि दुपारची पेंग. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला, तर तो आम्ही मोजतो. श्वास अर्धवट अडला तरी मोजतो. हा आकडा तासाला 5 पेक्षा कमी असेल तर काळजी नाही, 30 च्या वर गेला तर आजार तीव्र. त्या ट्रकचालकांचा आकडा 52 आला. लघवीचं कोडंही इथंच सुटलं: बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, अंगात पाणी जास्त झालंय असं समजून हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं.

हा फक्त जाड्या माणसांचा आजार, ही समजूत सोडा. जबडा लहान असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो. बायकांमध्ये पाळी गेल्यावर वाढतो, आणि त्या घोरण्याबद्दल बोलत नाहीत. थकवा, झोपमोड, उदासी सांगतात. एका ताईंना चार वर्षं झोपेच्या गोळ्या चालू होत्या. त्या विधवा, एकट्या राहणाऱ्या. ऐकायलाच कोणी नव्हतं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

1981 पर्यंत या आजाराच्या तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय एकच होता: श्वासनलिकेला गळ्यातून भोक पाडणं. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून घसा रात्रभर उघडा ठेवता येतो, हे दाखवलं. तेच आजचं सीपॅप. त्यात ऑक्सिजन नसतो, खोलीतलीच हवा असते. तरी मशीन पाहून घरात रडारड होते, "एवढी वेळ आली का?" म्हणून. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं हे हवंच. पण 52 चा आकडा तेवढ्यानं आवरत नाही.

ट्रकवाल्या दादांना खरी भीती वेगळी होती. "माझी गाडी तर जाणार नाही ना?" मग हळूच सांगितलं, खंबाटकी घाटात एकदा डोळा लागला होता. मी त्यांना उपचार बसेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. सीपॅपचा मास्कही सहज जमला नाही. नाकाच्या वर फट राहून हवा डोळ्यात जायची, ते पट्टे आणखी आवळायचे, गालावर वळ उठायचे. मास्क बदलून मापाचा दिला, पट्टे सैल केले, संध्याकाळी टीव्ही बघताना तासभर लावून बसायला सांगितलं.

महिन्यानं दोघं आले. रात्रीचं उठणं एकावर आलं होतं. मी वहिनींना विचारलं, "आता तुमची झोप?"

"पहिले आठ दिवस डोळा लागला नाही," त्या म्हणाल्या. "घर इतकं गप्प झालं, की मी उठून उठून यांच्या छातीवर हात ठेवून बघत होते."