लंडनहून एका दिवसाची सहल: आधी बाजाराचा वार बघा

मुलगा किंवा लेक इंग्लंडमध्ये नोकरीला, म्हणून आईबाबा पहिल्यांदाच तिकडे जातात. बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज हे सगळे चार दिवसांत पाहून होते. मग प्रश्न पडतो, आता काय? मुलांना रोज सुट्टी नसते आणि हॉटेलात मुक्काम करायचा तर खर्च वाढतो. अशा वेळी सकाळी ट्रेनने निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल, अशी जुनी शहरे उत्तम. फक्त तिकीट काढण्याआधी तिथला बाजाराचा वार बघा. एरवी ही शहरे सुंदर आणि शांत असतात, पण बाजाराच्या दिवशी ती कशासाठी वसली ते कळते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सहसा राजाच्या सनदेशिवाय बाजार भरवता येत नसे. बाजारातून कर मिळे, म्हणून मठाधिपती, बिशप, सरदार सगळेच हा हक्क मिळवायला धडपडत. दोन बाजारांत किती अंतर असावे, याचाही हिशेब होता. ब्रॅक्टन या तेराव्या शतकातल्या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात दिवसाची चाल २० मैल धरली आहे. तिचे तीन भाग करायचे: एक जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा, एक परतण्याचा. म्हणजे बाजार घरापासून साधारण ११ किलोमीटरच्या आत हवा. आपल्या आठवडी बाजाराला चालत जाणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच पटेल!

सेंट ऑल्बन्स: बुधवार आणि शनिवार

सेंट पँक्रस स्टेशनवरून वेगवान ट्रेनने जेमतेम २० मिनिटे. सेंट पीटर्स स्ट्रीटवर दुतर्फा भाजी, फळे, कापड आणि गरम खाण्याचे स्टॉल लागतात. फळे पुष्कळदा वाडग्यात मांडलेली असतात आणि वाडग्याला एकच ठरलेली किंमत असते.

इथे बाजारावर मठाधिपतीची सत्ता होती. त्याच्याशी गावकऱ्यांचे वारंवार खटके उडत. १४०३ ते १४१२ या काळात बांधलेला क्लॉक टॉवर म्हणजे गावाने मिळवलेले स्वतःचे घड्याळ, असे मानले जाते. जवळच कॅथेड्रल आहे. त्याच्या मनोऱ्यात जुन्या रोमन शहराच्या विटा वापरल्या आहेत. ते रोमन शहर म्हणजे वेरुलेमियम. तिथले मोझॅक आणि नाट्यगृहाचे अवशेष चालत जाऊन पाहता येतात.

सॅलिस्बरी: मंगळवार आणि शनिवार

वॉटर्लू स्टेशनवरून साधारण दीड तास. आधीची वस्ती ओल्ड सॅरम या उंच, वाऱ्याच्या टेकडीवर होती. १२२० मध्ये खाली नदीकाठी नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला आणि १२२७ मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीने शहराला सनद दिली. बाजाराभोवतीच्या गल्ल्यांची नावे अजून तीच आहेत: बुचर रो म्हणजे खाटिकांची, फिश रो म्हणजे मासळीची. कोंबड्या विकल्या जायच्या तिथला दगडी मंडप, पोल्ट्री क्रॉस, आजही उभा आहे.

कॅथेड्रलचा कळस १२३ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच. आत १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. मुलांना दाखवायला तबकडी नसलेले जुने यांत्रिक घड्याळही आहे.

ईली: गुरुवार

किंग्ज क्रॉसवरून केंब्रिजमार्गे सुमारे सव्वा तास. एकेकाळी हे पाणथळ प्रदेशातले बेट होते. सतराव्या शतकात दलदलीतले पाणी काढायचे मोठे काम सुरू झाले आणि पुढे भोवती शेते आली. सपाट शेतांवर कॅथेड्रल लांबूनच दिसते. १३२२ मध्ये त्याचा मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी लाकडी कंदिलासारखा अष्टकोनी घुमट उभारला गेला. मान वर करून तो बघतच राहावा असा आहे! ऑलिव्हर क्रॉमवेल जिथे राहत असे ते घरही इथेच पाहायला मिळते.

निघण्यापूर्वी

• कामाच्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टाळून निघालात, तर रेल्वेचे तिकीट बरेच स्वस्त पडते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.
• बाजार सकाळीच बघा. दुपारी तीनच्या सुमारास आवराआवर सुरू होते.
• सॅलिस्बरी आणि ईलीच्या कॅथेड्रलमध्ये पर्यटकांना तिकीट आहे. संध्याकाळच्या इव्हनसाँग या गायनप्रार्थनेला मात्र कुणालाही मोफत बसता येते.
• नाताळाच्या आसपास वार बदलू शकतात. शहराच्या वेबसाइटवर खात्री करा.

सुपरमार्केट आणि ऑनलाइन खरेदीमुळे इंग्लंडमधल्या अनेक जुन्या बाजारांतले स्टॉल कमी होत चालले आहेत. आठशे वर्षांची सनद कागदावर राहील, पण गिऱ्हाईक नसेल तर बाजार उठेल. त्यामुळे नुसते फोटो काढून परतू नका. चीजचा तुकडा घ्या, स्ट्रॉबेरी घ्या, विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. परतीच्या ट्रेनमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसाल, तेव्हा ती सहल नुसती पाहण्याची राहिलेली नसेल.