पाकिटातली चाल

सांगलीला मामांच्या घरी भडंगाची वाटी पुढ्यात होती आणि मला एक दाणा गिळवत नव्हता. 1979 चा मे महिना. मी पंधरा वर्षांचा, आणि स्पर्धेतला माझा डाव तहकूब झालेला.

तहकुबी म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. पाच तास खेळूनही डाव संपला नाही, तर ज्याची पाळी असेल त्यानं पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहायची, समोरच्याला दिसू न देता. कागद पाकिटात, पाकीट चिकटवून बंद. वर पटावरची स्थिती आणि दोघांच्या घड्याळातला वेळ लिहायचा. पाकीट पंचांकडे. दुसऱ्या दिवशी ते फोडून डाव पुढे सुरू.

मधली रात्र ज्याची त्याची.

पाळी माझी होती. पांढऱ्याकडून मी, राजा, हत्ती आणि एक प्यादं. काळ्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. मी हत्ती मागे घेतल्याची चाल लिहिली होती. घरी येऊन मामांच्या लाकडी पटावर तीच स्थिती मांडली आणि तासाभरात लक्षात आलं, की चुकलंच. हत्तीनं बाजूनं शह द्यायला हवा होता. पण पाकीट तर बंद. मामा देशी पद्धतीत मुरलेले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मिळते. आमच्या नियमांना ते ‘साहेबी खेळ’ म्हणत. तरी रात्री दोनपर्यंत ते समोर बसले, काळ्याच्या चाली करत. शेवटी म्हणाले, “झोप आता. पाकीट काय रात्रीत बदलणार आहे?” झोपलो, पण डोळे मिटल्यावरही पट दिसतच होता.

एकाग्रता म्हणून वेगळं काही आम्हाला कुणी शिकवलं नाही. दुसरं करण्यासारखं फार नव्हतं, एवढंच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, उन्हाळी स्पर्धा होत्या. गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणत ते उगाच नव्हे. पुस्तक एखाद्याकडेच असायचं. ते आठ दिवसांसाठी मिळालं की डाव शंभरपानी वहीत उतरवून घ्यायचे. उतरवताना हात दुखायचा, पण चाल डोक्यात बसायची. आणि आदर्श कुणाचा? खाडिलकर भगिनींचा. 1974 ते 1983 राष्ट्रीय महिला विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. रोहिणी पहिल्यांदा जिंकली तेव्हा तेरा वर्षांची होती. घरोघरी हे नाव सांगून पोरांना टोमणे मारले जात.

आता तहकुबी उरलेली नाही. संगणक एवढे तयार झाले, की मधल्या रात्रीला अर्थच राहिला नाही. नव्वदीत ती पद्धत मोडीत निघाली. डाव एका बैठकीतच संपतो, आणि बऱ्याच स्पर्धांत प्रत्येक चालीमागे घड्याळ वर तीस सेकंद देतं. आमच्या चावीच्या घड्याळात काटा बारावर आला, झेंडा पडला, की संपलं.

हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही, असं माझ्या वयाची माणसं कट्ट्यावर म्हणतात. मला ते पटत नाही. 2025 च्या जुलैत बातुमीला नागपूरची दिव्या देशमुख विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर बसली होती. वय एकोणीस. दोन दिवस दोन लांब डाव बरोबरीत, मग तिसऱ्या दिवशी पंधरा-पंधरा मिनिटांचे जलद डाव, आणि त्यातला दुसरा काळ्या मोहऱ्यांनी जिंकून ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. त्याआधी तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नव्हता. अशा पोरीला चिकाटी शिकवायला जाणार कोण? मला हळहळ वाटते ती फक्त त्या मधल्या रात्रीची. चूक कळलेली आहे, दुरुस्त करता येत नाही, आणि तरी सकाळी तिथं जाऊन बसायचंय, हा अनुभव आता बुद्धिबळात कुणाला मिळत नाही.

सकाळी पाकीट फुटलं. माझी चाल पाहून प्रतिस्पर्धी गोंधळला. तोही रात्रभर बाजूच्या शहाचाच विचार करून आला होता. चांगला अर्धा तास त्यानं घेतला. पण मी मनानं आधीच हरलो होतो. आणखी चार चाली खेळलो आणि राजा आडवा केला.

गेल्या दिवाळीत जुन्या ट्रंकेत त्या डावाचा कागद सापडला. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती आता यंत्रानं सोडवून ठेवल्या आहेत, आणि आमच्या पटावर त्या रात्री सातच होती. नातवानं फोनवर स्थिती मांडली. पाकिटातली चाल बरोबर होती. तिच्यानंतर डाव बरोबरीचा होता. मी सोडला तेव्हाही बरोबरीचाच होता. चुकीचा होता तो बाजूचा शह.

“आजोबा, मग सोडलात कशाला?” त्यानं विचारलं.

कागदावर निकालाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 0-1.