चित्र झाकून बघा

चित्र बघून उत्तर देणाऱ्या एआय मॉडेलांसाठी प्रश्न काढायचे, हे माझं काम. प्रश्न तयार झाला की आधी परीक्षा प्रश्नाचीच होते. चित्र काढून टाकायचं आणि नुसता मजकूर मॉडेलपुढे ठेवायचा. तरीही उत्तर बरोबर आलं, तर प्रश्न बाद.

हा संशय जुनाच. २०१५ साली व्हीक्यूए हा चित्रप्रश्नांचा मोठा संच आला. त्यात ‘कोणता खेळ चाललाय?’ या धाटणीच्या प्रश्नांना डोळे मिटून ‘टेनिस’ ठोकून दिलं, तरी ४१ टक्के वेळा बरोबर! ‘किती?’ला ‘दोन’ म्हटलं, तरी ३९ टक्के. म्हणून २०१७च्या आवृत्तीत एकाच प्रश्नाला दोन चित्रं जोडली. दिसायला सारखी, उत्तरं मात्र वेगळी. जोडीची ही युक्ती मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते.

माझा आवडता विषय म्हणजे काट्यांचं घड्याळ. जाहिरातीतल्या घड्याळात बहुधा दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, आणि मॉडेलं असल्या फोटोंवरच पोसलेली. समजा, मी चार पस्तीसचं घड्याळ दिलं. एक मॉडेल म्हणालं, ‘दहा दहा.’ दुसरं म्हणालं, ‘सात तेवीस.’ गुणपत्रिकेत दोघांनाही शून्य. पण पहिल्याने चित्राकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. दुसऱ्याने काटे नीट पाहिलेत, फक्त लहान-मोठ्याची अदलाबदल केली. आणि खरी गंमत पुढे आहे. सात तेवीस वाजले असते, तर तासकाटा सातच्या बराच पुढे सरकलेला असता. इथे सातवरचा काटा अगदी सातवरच आहे. हे ताडून पाहणं म्हणजे तर्क, आणि तो दुसऱ्यानेही केलेला नाही. नजर आहे, पडताळा नाही. (नुसत्या टक्केवारीचे तक्ते मिरवणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच.)

अशा वेळी मी खरोखर सात तेवीस दाखवणारं घड्याळ जोडीला देतो. काट्यांच्या जागा जवळपास त्याच, लांबी तेवढी उलट. दोन्ही बरोबर आली तरच गुण. २०२२च्या विनोग्राउंड चाचणीतही सर्वांत कडक गुण असेच, जोडीतलं सगळं जुळलं तरच मिळतात. एवढ्या कडकपणाने आकडे फार खाली येतात, अशी कुरकूर ऐकू येते. येऊ देत. चुकीची उत्तरं मी वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी उतरवून ठेवतो. मॉडेल सुधारणाऱ्यांनी आधी तो रकाना वाचावा.